शिकवणीला रकाना नाही

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की इंदापूर-बारामतीतल्या सेतू केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. अधिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका अशी प्रत्येक घराची एक फुगलेली फाइल असते. इंदापुरातल्या अशाच एका दुकानात मी रांगेत उभा होतो. पुढच्या मुलाच्या फाइलीत सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद निघाला. एका खाजगी क्लासच्या लेटरहेडवर लिहिले होते की सदर विद्यार्थ्याने दोन वर्षे आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवले, त्याची वर्तणूक चांगली आहे. खाली गोल शिक्का, हिरव्या शाईची सही. संगणकावरच्या पोराने कागद उलटसुलट करून पाहिला.

"हे कुठं जोडू? हितं रकानाच न्हाई."

मुलाचे वडील म्हणाले, "पण कुठंतरी धरत असतील की. पोरगं दोन वर्सं शिकवतंय."

"ऱ्हाऊ द्या फायलीत. नुकसान तर काय न्हाई."

वडिलांच्या त्या बोलण्यात एक प्रश्न होता आणि तो हल्ली बऱ्याच घरांत विचारला जातो. अमेरिकेतला मावसभाऊ लहान मुलांना शिकवतो आणि ते मेडिकलच्या अर्जात लिहितो, असे कानावर येते. मोबाइलवर कोणीतरी सांगते की मार्कांबरोबर 'प्रोफाइल' लागते. मग इकडचा रिपीटर, म्हणजे नीट पुन्हा देणारा मुलगा, विचारतो की मी क्लासवर शिकवतो, त्याचा मला डॉक्टर व्हायला काही फायदा आहे का? या प्रश्नाची दोन-तीन वेगळी उत्तरे आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच गोंधळ होतो. म्हणून एकेक सुटे करून पाहू.

अर्जात काय मोजतात

पहिले उत्तर अगदी कोरडे आहे. आपल्याकडच्या एमबीबीएस प्रवेशात शिकवण्याच्या अनुभवाला गुण नाहीत. एकही नाही.

नीटचा पेपर ७२० गुणांचा. प्रश्न १८०, त्यांपैकी भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला १ वजा. २०२५ पासून वेळ १८० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. या गुणांवर राज्याची सीईटी सेल गुणवत्ता यादी लावते. शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात भरतात. बारावीच्या गुणांचे काम पात्रतेपुरते. खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन, जीव मिळून ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के मिळाले की ते संपले. दोघांचे गुण सारखे आले तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे, आणि तरीही बरोबरी सुटली नाही तर कोणाची चुकीची उत्तरे प्रमाणात कमी ते. एवढ्या पायऱ्या उतरूनही कोठे "या मुलाने काय केले, कोणासाठी केले" हा प्रश्न येत नाही.

२०२५ साली नीटला सुमारे २२ लाख मुले बसली. ७२० गुणांत ती सारखी वाटली असे नुसते धरले तरी एका गुणावर तीन हजार मुले येतात. खरी गर्दी मधल्या पट्ट्यात असते, तिथे हा आकडा आणखी वाढतो. अशा रांगेत एक गुण म्हणजे काय, हे शेवटच्या फेरीत कॉलेज हुकलेल्याला विचारावे.

बारामतीला २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १०० जागांचे. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखले जाते. एमआयडीसीच्या बाजूची ती इमारत भिगवण रस्त्याने जाणाऱ्या इंदापूर तालुक्यातल्या मुलांना आता रोज दिसते. पूर्वी मेडिकल म्हणजे पुणे, मिरज, सोलापूर. आता ते एसटीच्या तिकिटाच्या अंतरावर आले. पण अंतर कमी झाल्याने दार रुंद झालेले नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रातला ७०:३० चा विभागवार कोटा रद्द झाला, त्यामुळे बारामतीची जागा बारामतीकराची असे म्हणण्याचीही सोय राहिली नाही. नांदेडचा मुलगा इथे येतो, इथली मुलगी नागपूरला जाते. सगळे एका यादीत.

थोडक्यात, दाखल्याला रकाना नाही हे दुकानातल्या पोराचे म्हणणे शब्दशः खरे होते. मध्ये वर्ष गेले असेल तर महाविद्यालये गॅपचे प्रतिज्ञापत्र मागतात. त्या काळात आपण दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता, एवढेच त्यात सांगायचे असते. शिकवत होतो असे कोणी लिहिले तर तेही चालेल, पण वाचून कोणी गुण देणार नाही.

पूर्वी तरी होते का?

जुनी पिढी म्हणते, आमच्या वेळी असे नव्हते. थोडे खरे, बरेचसे नाही. नव्वदच्या दशकात बारावीच्या पीसीबीच्या गुणांवर प्रवेश मिळे. त्या दशकाच्या अखेरीस राज्याची सीईटी आली. लातूर पॅटर्न याच काळात राज्यभर गाजला; रोजच्या चाचण्या, सरावाचे गठ्ठे आणि बोर्डाच्या यादीत लातूरची नावे. पहिली नीट २०१३ ची. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१६ मध्ये तिला परत आणले आणि २०१७ पासून महाराष्ट्राची सीईटी मेडिकलपुरती संपली. परीक्षेचे नाव बदलत गेले. पण बोर्ड असो, सीईटी असो की नीट, मोजले ते कागदावरचे गुण.

महाराष्ट्रात दोन ठिकाणी मात्र उमेदवाराला आणखी काही विचारायची पद्धत होती किंवा आहे.

एक सेवाग्राम. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थानाची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधी विचारांचा स्वतंत्र पेपर असे. खेड्यात जाऊन काम करणारे डॉक्टर घडवायचे तर निवडतानाच त्यांचा कल पाहावा, हा त्यामागचा हेतू. नीट सक्तीची झाली आणि तो पेपर गेला. आत गेल्यावरची शिबिरे आणि प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेण्याची रीत तिथे जुनी आहे, पण निवडीच्या दारात आता तिथेही नीटच उभी आहे.

दुसरे ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या वानवडीतले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी, स्थापना १९४८. जागा सुमारे १५०. इथे नीटचे गुण लागतातच, पण त्यांवरून निवडलेल्या मुलांना इंग्रजी आणि तर्काची चाचणी द्यावी लागते आणि मग मुलाखत. मुलाखतीला ५० गुण. टेबलापलीकडे माणसे बसलेली असतात आणि ती विचारतात, बारावीनंतरचे वर्ष काय केलेस? लासुर्ण्याच्या नाहीतर सुप्याच्या मुलाने "आठवीच्या वीस मुलांना शिकवत होतो" असे सांगितले आणि पुढच्या दोन प्रश्नांत त्याने खरेच शिकवले आहे हे दिसले, तर ते बोलणे वाया जात नाही. मात्र तिथे जाणाऱ्याने सैन्यातल्या सेवेचा बंध समजून घेऊन जावे. मुलाखतीपर्यंत पोहोचणारे मूठभर, बाकीच्या हजारो मुलांसाठी जिल्ह्यात दुसरे असे दार नाही.

फक्त मार्कच का?

हे अन्यायाचे नाही का, असे विचारणारे भेटतात. ज्या मुलाला माणसांत बसता येत नाही तो ६५० घेऊन आत जातो आणि जो मुलगा वस्तीतल्या पोरांना संध्याकाळी शिकवतो तो ५८० ला बाहेर राहतो. मलाही हे खटकते. पण यावर उपाय म्हणून अनुभवाला गुण द्या म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावाकडे एकदा बघावे.

दहावीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे, खेळाचे, लोककलेचे वाढीव गुण मिळतात. ते सुरू झाल्यावर एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुले कशी वाढली आणि लोककलेच्या प्रमाणपत्रांसाठी कशी धावपळ झाली, हे शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. तिथे प्रश्न मोजक्या गुणांचा होता. मेडिकलच्या जागेसाठी शिकवण्याच्या अनुभवाला पाच गुण ठेवले, तर तालुक्यातला प्रत्येक क्लास पुढच्या सोमवारी लेटरहेड छापून घेईल. ज्याच्या ओळखीचा संस्थाचालक आहे त्याच्या मुलाने पाच वर्षे शिकवलेले असेल. ऊस तोडायला आलेल्या कुटुंबातली मुलगी रोज फडावर धाकट्या भावंडांना बाराखडी शिकवते, तिला दाखला कोण देणार?

खाजगी मेडिकल महाविद्यालये आली तेव्हा देणगीच्या नावाखाली काय चालले ते महाराष्ट्राने पाहिले आणि म्हणून १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. वशिल्याला आणि पैशाला घाबरलेल्या समाजाने कोऱ्या उत्तरपत्रिकेवर विश्वास टाकला, हे फक्त मार्क मोजण्यामागचे कारण आहे. ओएमआरवर गोल काळा करणाऱ्या पेनाला आडनाव नसते. २०२४ च्या नीटमधल्या गोंधळाने, पहिल्या निकालातल्या ६७ जणांच्या पैकीच्या पैकी गुणांनी, तो विश्वास हलवला खरा. पण त्या वेळीही लोकांची मागणी परीक्षा स्वच्छ करा अशी होती. मुलाखती घ्या, असे कोणी म्हटले नाही.

खर्चाची बाजूही आहे. २२ लाख उमेदवारांचे अनुभव वाचायचे, ताडायचे, बोलवून विचारायचे म्हणजे किती माणसे लागतील याचा हिशेबच केलेला बरा. वयाचाही मुद्दा आहे. आपल्याकडे अर्ज करणारा सतरा-अठराचा असतो. अकरावी-बारावीत सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री टेस्ट अशी त्याची दोन वर्षे जातात. त्याने अनुभव कधी घ्यायचा?

तिकडे कसे चालते

अमेरिकेत हे सगळे वेगळे आहे, कारण तिथे मेडिकलला अर्ज करणारा चार वर्षांची पदवी घेऊन आलेला, बाविशीच्या आसपासचा असतो. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात पंधरापर्यंत उपक्रम लिहिता येतात. त्यांचे प्रकार ठरलेले आहेत आणि त्यांत शिकवणे किंवा शिकवणी हा एक स्वतंत्र प्रकार आहे. किती तास केले, कोणाच्या देखरेखीखाली केले, संपर्क कोणाशी साधायचा, हे सगळे भरावे लागते. वर्णनाला ७०० अक्षरांची मर्यादा. त्यांतले तीन सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडून त्यांवर थोडे जास्त लिहायचे.

न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या मराठी घरांतली मुले रविवारी मराठी शाळेत मदतनीस म्हणून जातात. बृहन्महाराष्ट्र मंडळाने अशा शाळांना एक अभ्यासक्रम दिला आहे. 'क' गिरवणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना सांभाळणारी सोळा वर्षांची मुलगी पुढे अर्जात ते लिहिते, आणि ते शोभतेही. पण तिथेही शिकवणे एकटे काही करत नाही. आधी महाविद्यालयातले गुण आणि एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण बघतात, मग रुग्णालयातला अनुभव, डॉक्टरांबरोबर घालवलेला वेळ, संशोधन, समाजकार्य. शिकवणे या यादीत चांगले, पण अगदी नेहमीचे. शेकडो अर्जांत ते असते. मग वाचणारा काय पाहतो? एखाद्याने दोनशे तास शिकवले हे नव्हे, एकाच मुलाबरोबर दोन वर्षे टिकून राहिला का, आणि त्या मुलाबद्दल बोलताना त्याला काही खरे आठवते का, हे तो पाहतो.

ब्रिटनमध्येही बारावीसारख्या टप्प्यावरूनच प्रवेश होतो, पण प्रवेशपरीक्षेनंतर छोट्या-छोट्या टेबलांवरच्या मुलाखती असतात. एखाद्या टेबलावर सांगतात, समोरच्याला बुटाची नाडी बांधायला शिकव, हात न लावता. तिथे शिकवणाऱ्या मुलाची गंमत कळते. जो समोरच्याचा चेहरा बघत बोलतो, तो सुटतो.

म्हणजे मावसभावाचे खरे होते आणि दुकानातल्या पोराचेही. नियम निराळे, देश निराळे. गडबड होते ती एका देशाचा सल्ला दुसऱ्या देशाच्या फाइलीत खोचल्याने.

शिकवल्याने मार्क वाढतात का?

इथून पुढचे उत्तर जास्त कामाचे आहे. अर्ज म्हणजेच मार्क असतील, तर शिकवण्याने मार्क वाढले की अर्ज बळकट झाला. मग ते वाढतात का?

मानसशास्त्रात यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षे काम झाले आहे. १९८० मध्ये बार्ग आणि शुल यांनी दाखवले की दुसऱ्याला शिकवायचे म्हणून वाचणारा, स्वतःच्या परीक्षेसाठी वाचणाऱ्यापेक्षा जास्त शिकतो. २०१४ मध्ये नेस्टोज्को आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना नुसते सांगितले की हे तुम्हाला नंतर शिकवायचे आहे. प्रत्यक्षात कोणालाच शिकवायला लावले नाही, चाचणीच घेतली. तरी त्यांना मजकूर जास्त आणि नीट लावून आठवला. पण २००७ मध्ये रॉस्को आणि ची यांनी शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांवरचे अभ्यास तपासले तेव्हा एक अडचण पुढे आली. बहुतेक जण पुस्तकातले तसेच्या तसे सांगत सुटतात. समोरून प्रश्न आला आणि उत्तर बांधावे लागले की मगच शिकवणाऱ्याची समज वाढते. २०१८ मध्ये सिंगापूरच्या कोह आणि सहकाऱ्यांनी यात भर घातली. वही समोर ठेवून शिकवणाऱ्यांना विशेष फायदा झाला नाही. वही न बघता, आठवून शिकवणाऱ्यांना झाला.

आता हेच आपल्याकडच्या खोलीत कसे दिसते ते सांगतो. झेरॉक्सच्या दुकानात भेटलेल्या त्या मुलाशी नंतर चहावर बोलणे झाले. तो आठवीच्या मुलींना रक्ताभिसरण शिकवत होता. त्याने फळ्यावर लिहिले, धमनी शुद्ध रक्त नेते, शीर अशुद्ध रक्त आणते. चौथ्या बाकावरची मुलगी पुस्तकातल्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाली, "दादा, मग फुप्फुसाकडं जाणारी ही निळी का रंगवली? आणि निळी आहे तर तिला धमनी का म्हणायचं?"

त्याला उत्तर आले नाही. "उद्या सांगतो" म्हणून त्याने वेळ मारून नेली. रात्री एनसीईआरटी उघडले. तिथे धमनीची व्याख्या रक्ताच्या शुद्धतेवर नाहीच, दिशेवर आहे. हृदयाकडून बाहेर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत प्राणवायू कमी असलेले रक्त असते आणि तरी ती धमनीच. हे कळल्यावर गर्भाच्या नाळेतल्या धमन्यांचेही कोडे आपोआप सुटले. पहिल्या वेळेला नीटमध्ये अशाच एका प्रश्नावर आपण चार गुण घालवून वर एक वजा करून घेतला होता, हे त्याला त्याच रात्री समजले. "सरांनी दोनदा शिकवलं होतं," तो म्हणाला, "पण मला कुणी विचारलं नव्हतं."

आपल्या भागात आणखी एक फायदा होतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला अकरावीत सगळे शब्द बदललेले मिळतात. तंतुकणिकेचा मायटोकॉन्ड्रिया होतो, हरितलवकाचा क्लोरोप्लास्ट. नीट मराठीतूनही देता येते, तेरा भाषांत तिची सोय आहे, पण क्लास आणि सराव पेपर बहुतेक इंग्रजीतले. त्यामुळे मुले इंग्रजी शब्द पाठ करतात आणि अर्थ मराठीतच अडकून राहतो. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकतेचा. प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण तिथेच येतात. ते निमगाव केतकीच्या मुलांना मराठीत समजावून सांगणारा रिपीटर नकळत दोन्ही भाषांमधला सांधा जोडत असतो. भिंगाच्या धड्यातल्या कार्टेशियन चिन्ह संकेतांचेही तसेच. नीटच्या भौतिकशास्त्रात गणित येत असूनही उणे-अधिकच्या चुकीने गुण घालवणारी मुले कमी नाहीत.

आणि तोटा कुठे?

तोटा वेळेत आहे. आठवी ते दहावीचा अभ्यास नीटच्या थोड्याच भागाला लागतो. सेंद्रिय रसायनातल्या अभिक्रिया, परिवलन गती, वनस्पतींच्या कुळांची लक्षणे, यांतले तिथे फारसे काही येत नाही. रोज तीन तास शिकवणारा मुलगा पहिल्या महिन्यात शिकतो, दुसऱ्या महिन्यापासून तेच उगाळतो. तपासायच्या वह्या, पालकांचे फोन, मुलांची हजेरी, फळा पुसणे यांतून त्याचे मार्क एकानेही वाढत नाहीत. संध्याकाळी सहा ते नऊ ही त्याच्या अभ्यासाची सर्वांत चांगली वेळ असते आणि नेमकी तीच शिकवणीची वेळ.

इथे पैशाचा मुद्दा येतो आणि तो टाळून बोलण्यात अर्थ नाही. ड्रॉप घेतलेल्या मुलाला घरी बसून खायचे म्हणजे अवघड वाटते. बाप कारखान्यावर किंवा कंपनीत कामाला, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. महिन्याला चार पैसे आणले तर टेस्ट सिरीजची फी निघते. क्लासवाल्यालाही हा मुलगा परवडतो. पदवीधर शिक्षकापेक्षा कितीतरी कमी पैशांत तो मिळतो आणि मुलांना 'दादा' म्हणून जवळचा वाटतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'च्या राज्यात कमावून शिकण्याला कोणी नावे ठेवणार नाही. पण त्या योजनेत काम शिक्षणासाठी होते. इथे काम शिक्षणाच्या वेळेतून जाते.

यात एक नियमही आहे आणि तो फार कमी पालकांना माहीत आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासने पदवीपेक्षा कमी शिकलेला शिक्षक ठेवू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. बारावी झालेल्या रिपीटरला मोठ्या क्लासने फळ्यासमोर उभे करणे या तत्त्वांत बसत नाही. म्हणजे तो जपून ठेवलेला दाखला मुलाच्या कामाचा नाही तो नाहीच, क्लासवाल्यालाही उद्या अडचणीचा होऊ शकतो.

आत गेल्यावर

प्रवेशाच्या दारात जे शून्य धरले जाते ते आत गेल्यावर मात्र शून्य राहत नाही. गंमत अशी की वैद्यकीय महाविद्यालयाच्या शिक्षकवर्गात 'ट्यूटर' हे पदच आहे. शरीररचनाशास्त्र किंवा शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रथम वर्षाच्या मुलांच्या टेबलाशी उभा राहून समजावणारा. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात दृष्टिकोन, नीतिमत्ता आणि संवाद हा स्वतंत्र भाग आहे. ज्याने आठवीच्या वर्गात 'समजलं का?' विचारून गप्प चेहरे पाहिलेत, त्याला या भागात नवे शिकायचे कमी आणि आठवायचे जास्त असते.

बारामती-इंदापूरच्या दवाखान्यांत हे फार जवळून दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीचे कारखाने पेटले की बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून ऊसतोड कुटुंबे येतात. कोयता लागून आलेला माणूस, सर्पदंश झालेली बाई, जुलाब लागलेले तान्हे मूल. मीठ-साखरेचे पाणी किती आणि कसे द्यायचे, हे त्या आईला कोपीवर परत गेल्यावर एकटीने करायचे आहे. तिला गोळ्यांची नावे कळून उपयोग नाही. "समजलं का" विचारले तर ती हो म्हणणारच. "आता तुम्ही मला सांगा, कसं कराल?" असे विचारणारा डॉक्टर लागतो. क्लासवर शिकवताना ही सवय लागते आणि पुस्तकातून ती सहज येत नाही.

पुढच्या पायरीवर तर अनुभवाला गुणही आहेत, फक्त निराळ्या अनुभवाला. एमडी-एमएसच्या प्रवेशात दुर्गम भागात नोकरी केलेल्या शासकीय डॉक्टरांना नीट-पीजीच्या गुणांत वर्षाला १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के वाढ देण्याची तरतूद आहे. म्हणजे आपल्या व्यवस्थेला अनुभव मोजता येत नाही असे नाही. सरकारी नोंदीत असलेला, तपासता येणारा अनुभव ती मोजते. परदेशात उच्च शिक्षणाला जाणाऱ्यांसाठी शिकवण्याचे वजन आणखी वाढते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेची पहिली पायरी २०२२ पासून नुसती पास-नापास झाली, त्यामुळे बाकीच्या अर्जाकडे लक्ष जास्त जाते. ब्रिटनमध्ये काही विशेष प्रशिक्षणांच्या अर्जांत शिकवण्याच्या अनुभवाला आणि शिकवण्याच्या प्रशिक्षणाला ठरलेले गुण असतात. इथून एमबीबीएस होऊन तिकडे जाऊ पाहणाऱ्याने महाविद्यालयात असताना कनिष्ठांना शिकवले, तर ते लिहायला रकाना आहे.

महाराष्ट्रात याचे सर्वांत सुंदर उदाहरण पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे आहे. 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' या नावाने त्यांनी गरीब आणि आदिवासी मुलांना नीटसाठी मोफत शिकवायला सुरुवात केली. मेळघाट, गडचिरोलीकडची मुले तिथे आली आणि डॉक्टर व्हायला आत गेली. शिकवणारे आधीच आत होते. त्यांना प्रवेशासाठी काही सिद्ध करायचे नव्हते, वेळ होता आणि अभ्यास ताजा होता. शिकवण्याची खरी वेळ तीच. बारामतीच्या महाविद्यालयातही तशा वयाची मुले आज आहेत आणि इंदापूरचे रिपीटर तासाभराच्या अंतरावर आहेत.

निवाडा

सगळे मिळवून सांगायचे तर असे. नीटवरून इथे एमबीबीएसला जायचे असेल, तर शिकवण्याचा दाखला गोळा करू नका. कोणी गुण मिळतील म्हणून सांगत असेल तर त्याला विचारा, कोणत्या रकान्यात. एएफएमसीची मुलाखत किंवा परदेशातला अर्ज डोळ्यांसमोर असेल, तर शिकवा, पण एका जागी टिकून आणि नोंद ठेवून. पैशासाठी शिकवावे लागत असेल तर त्यात लाज नाही; मात्र आठवड्याला पाच-सहा तासांच्या वर जाऊ नका आणि संध्याकाळची वेळ सोडून पहाटेची किंवा रविवारची बॅच मागून घ्या. क्लासचालकांनाही विनंती आहे. रिपीटरला वर्षभर फळ्यासमोर जुंपण्यापेक्षा त्याला आठवड्यातून दोनदा मुलांच्या शंकांसाठी बसवा. तुमचे काम होईल, त्याचे वर्ष वाया जाणार नाही.

आणि जो खरेच शिकवतो आहे त्याने एक वही घालावी. मुलांनी विचारलेले आणि आपल्याला त्या क्षणी न आलेले प्रश्न तिच्यात तारखेसह उतरवावेत, रात्री उत्तरे शोधून समोर लिहावीत. त्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा त्याच्याकडे अशी वही आधीच होती, दोनशे पानी, अर्धी भरलेली. ती त्याने फाइलीत ठेवली नव्हती. दाखला घरी राहू द्या आणि नीटच्या आदल्या रात्री ती वही वाचा.